गॅस गेला तो गेला कुठे?

आमचा एसी थंड करेनासा झालाय हे घरात सगळ्यांत आधी सासूबाईंच्या लक्षात आलं, आणि त्या तर एसीच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाहीत. एसीच्या पाण्याची नळी मागच्या पडवीत सोडलेली आहे. तिच्याखाली बालदी असते आणि त्या पाण्यावर त्यांची अबोली, तुळस आणि दोन कुंड्यांतल्या मिरच्या पोसल्या जातात. मार्चमधल्या एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "आयज बालदी भरूंक ना गो. मशीन बंद आशिल्लें?" मशीन सकाळपासून चालू होतं.

मी गोव्यात मांद्र्याला घरूनच हिशेबाची कामं करते. गावातली गेस्टहाऊसं, किराणा दुकानं, एक-दोन काँट्रॅक्टर, यांची जीएसटीची रिटर्न्स आणि वर्षअखेरीची जुळवाजुळव. घर जुनं, कौलारू. मागे वाढवलेली एक स्लॅबची खोली तेवढी ऑफिससाठी. पश्चिमेकडून दुपारचं ऊन थेट तिच्या भिंतीवर. मार्चअखेरीला त्या खोलीत एसीशिवाय बसलं की कागद मनगटाला चिकटतो आणि शाई फुटते. म्हणून दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेतलेला, आर-३२ गॅसचा. पाचवं वर्ष चालू आहे.

खोली गार वाटत नाहीये हे मलाही जाणवत होतं, पण उकाडाच एवढा होता की दोष हवेला दिला जात होता. बालदीने मात्र शंकेला जागा ठेवली नाही. एरवी दहा लिटरची ती बालदी सकाळी नऊला लावली की दुपारी दोन-अडीचपर्यंत भरते. म्हणजे तासाला साधारण दोन लिटर. किनाऱ्यावरच्या गावात एसीचं बरंचसं काम हेच असतं, हवा पिळून काढणं. हवेतल्या एक लिटर वाफेचं पाणी करायला तिच्यातून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात तासाला १९,००० किलोज्यूलच्या आसपास काढतो. तासाला दोन लिटर म्हणजे त्याची पाव ताकद नुसत्या पाण्यावर जाते. आणि पाणी पडायचंच थांबलं तर कॉइल, म्हणजे आतलं थंड नळ्यांचं जाळं, दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते त्याच्या) खाली जातच नाहीये, हे उघड आहे. आमच्याकडे मार्चमध्ये दवबिंदू २२-२३ अंशांच्या घरात असतो. चांगल्या चालणाऱ्या एसीची कॉइल त्याच्या बरीच खाली असते.

साध्या गोष्टी आधी पाहून घेतल्या. रिमोटवर बर्फाच्या फुलाचं चिन्ह होतं, म्हणजे मोड कूलच होता. कुणी चुकून ड्राय किंवा फॅनवर टाकला नव्हता. तापमान २४. हे २४ तर चालू करताच आपोआप येतं, जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसींना ते सक्तीचंच आहे. वीज ठीक होती, स्टॅबिलायझरवर २२६ व्होल्ट दिसत होते. फिल्टर काढून धुतले. आमच्या रस्त्याची लाल धूळ आणि दमट हवा मिळून जाळीवर जो थर बसतो तो झटकून निघत नाही, नळाखाली ब्रशने घासावा लागतो. धुतल्यावर वारा वाढला, गारवा वाढला नाही.

मग मेन स्विच बंद करून आउटडोअर, म्हणजे एसीचा घराबाहेरचा भाग, पाइपच्या साध्या पाण्याने धुतला. प्रेशर पंप मुद्दाम नाही लावला, त्याने पातळ पात्या वाकतात. आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर, समुद्राच्या बाजूला आहे. खालच्या कोपऱ्यातल्या पात्या हात लावताच पांढऱ्या भुकटीसारख्या गळून पडल्या. ते दृश्य काही चांगलं नव्हतं, पण निम्म्याहून अधिक कंडेन्सर, म्हणजे आउटडोअरची पात्यांची जाळी, शाबूत होता. धुतल्यावर एसी लावला तर फरक शून्य.

मापं घेतल्याशिवाय माझं समाधान होत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर आणला. इनडोअरच्या वर, जिथून तो खोलीतली हवा आत ओढतो तिथे ३० अंश. खाली झडपांतून बाहेर पडणारी हवा २७. फरक तीनचा. हा फरक साधारण ८ ते १२ असायला हवा. आउटडोअरच्या पंख्यासमोर हात धरला. तिथून गरम झोत यायला हवा. घरातली उष्णता तिथूनच तर बाहेर टाकायची असते. हाताला लागली ती बाहेर होती तशीच हवा. पंखा फिरत होता, कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येत होती, पण उष्णतेची ने-आण होत नव्हती.

आउटडोअरच्या बाजूला दोन तांब्याच्या नळ्या जोडलेल्या असतात, एक जाड, एक बारीक. सगळं सुरळीत असेल तर जाड नळी हाताला थंडगार लागते आणि तिला घाम सुटलेला असतो. आमची जाड नळी कोरडी, कोमट. बारीक नळीच्या नटवर मात्र पांढरा बर्फ साचलेला, नखाने खरवडला तर चुरा निघाला. घरात येऊन इनडोअरचं तोंड उघडलं, टॉर्च मारला. डाव्या कोपऱ्यातल्या तीन-चार नळ्यांवर बर्फ, बाकी सगळी कॉइल कोरडी ठणठणीत. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. सगळीच्या सगळी कॉइल बर्फाने भरली तर बहुतेक वेळा हवा अडलेली असते, फिल्टर तुंबलेला किंवा ब्लोअर मंद झालेला. एकाच कोपऱ्यात बर्फ असेल तर आत गॅस कमी आहे. थोडासा गॅस आत शिरल्या शिरल्या उकळून संपतो, पुढच्या नळ्यांना काही उरतच नाही.

गॅस कमी आहे हे कळलं, पण मला चीड आली ती वेगळ्याच कारणाने. फाइल काढून पाहिली तर गेल्या मे महिन्याचं बिल सापडलं. त्यावर एकच ओळ: 'गॅस चार्जिंग'. तेव्हा मी घरी नव्हते, यजमानांनी काम करून घेतलं होतं. दहा महिने झाले आणि पुन्हा तेच. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद वाटेने तोच तोच फिरत राहतो. घरात उकळून उष्णता शोषतो, बाहेर द्रव होऊन ती सोडतो. वाट शाबूत असेल तर तो कधीच संपत नाही. दुकानाच्या गल्ल्यात संध्याकाळी दोन हजार कमी भरले तर मी मालकाला 'खिशातले दोन हजार घाला' असं सांगत नाही, दोन हजार कुठे गेले ते बघते. इथेही तेच करायचं ठरवलं. भोक सापडेपर्यंत गॅस भरायचा नाही.

पहिला टेक्निशियन शिवोलीचा पूल ओलांडून आला. बॅगेतून गेज काढून जाड नळीच्या व्हॉल्व्हला लावलं, काटा पाहिला आणि म्हणाला, "गैस खतम है मॅडम. भर देता हूँ."

"गेला कुठे पण?"

"उड़ जाता है. समुंदर के बाजू में तो हर साल भरना पड़ता है."

लीक शोधणार का, त्यासाठी आत दाब भरायला नायट्रोजन आहे का, असं विचारलं. नायट्रोजन नव्हता. साबणाचं पाणी लावून बघतो म्हणाला, पण आत दाबच एवढा कमी उरलेला असताना बारीक भोकातून बुडबुडा येणार कुठून? काट्यावर काय दिसतंय ते मात्र त्याने मला मनापासून दाखवलं, आणि त्याबद्दल मी त्याचे आभार मानले. एसी चालू असताना कमी दाबाच्या बाजूला ५५ पीएसआय (पीएसआय हे दाबाचं माप). आर-३२ ला तिथे ११० ते १४० दिसायला हवेत. एसी बंद करून थोडा वेळ थांबल्यावर काटा १६० वर स्थिरावला. त्या दुपारी बाहेर ३२ अंश होते; आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असता तर त्या तापमानाला काटा २७०-२८० च्या आसपास असता. बंद भांड्यात द्रव आहे तोवर दाब तापमानावर ठरतो, प्रमाणावर नाही. १६० म्हणजे द्रवाचा थेंब उरला नव्हता, नुसती वाफ फिरत होती. त्याला येण्याजाण्याचे पैसे दिले आणि एसी बंद ठेवला. एवढ्या कमी गॅसवर कॉम्प्रेसर चालवणं म्हणजे त्याला मारणंच. त्याला गार ठेवणारा आणि तेल परत आणून देणारा गॅसच तर असतो.

'समुद्राजवळ गॅस उडतो' हे वाक्य आमच्या भागात इतक्यांदा ऐकू येतं की लोकांना ते खरं वाटायला लागलंय. समुद्र गॅस उडवत नाही, धातू खातो. खारी ओल बसली की तांब्याची नळी आणि तिच्यावरच्या ॲल्युमिनियमच्या पात्या यांच्यात विजेचा छोटासा खेळ सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. म्हणून पात्यांची पांढरी भुकटी होते. पत्र्याचं खोकं गंजतं, स्टँडचे बोल्ट गंजतात, पितळी नटांना तडे जातात. हे सगळं खरं आहे. पण याचा अर्थ एक ठरावीक भोक कुठेतरी पडतं आणि ते शोधता येतं, एवढाच. हरमल-मोरजीच्या पट्ट्यात दर सीझनला एकाच एसीत गॅस भरणारी गेस्टहाऊसं मला माहीत आहेत, त्यांची बिलं माझ्याच हातून जातात.

त्यातल्याच एका मालकाने दुसरा मेकॅनिक सुचवला. हा मूळ पेडण्याचा. आधी एका हॉटेलच्या मेंटेनन्समध्ये होता, आता स्वतःचं काम करतो. फोनवर सगळी मापं सांगितली. तो ऐकून घेतल्यावर म्हणाला, "वयनी, गॅस खंय वता तें पयलीं सोदूया. भरप मागीर." माझं निम्मं टेन्शन तिथेच गेलं.

तो स्कूटरच्या पुढे नायट्रोजनचा सिलिंडर ठेवून आला. उरलेला गॅस त्याने रिकव्हरी मशीनने दुसऱ्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला, हवेत सोडला नाही. हे करणारे इथे कमी. आर-३२ थोडासा ज्वलनशील आहे, त्यामुळे जोडकामाचा ज्योतीचा टॉर्च पेटवायच्या आधी तो बाहेर असणं भागच असतं. शिवाय त्याची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट धरतात. आमच्या एसीच्या लेबलवर ८०० ग्रॅम लिहिलंय. ते सगळं हवेत गेलं तर ५४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. गेल्या दहा महिन्यांत आमच्या भिंतीतून जवळजवळ तेवढं गेलंही होतं. जुन्या एसींतल्या आर-४१०ए गॅसला हाच आकडा २,०८८ आहे, तेव्हा त्यातल्या त्यात बरं म्हणायचं.

मग त्याने नायट्रोजन भरून दाब ४०० पीएसआयवर नेला. भांड्यांच्या साबणात थोडं पाणी घालून स्पंजने फेस केला आणि एकेका जोडाला थापला. थापायचा आणि थांबायचं. मोठं भोक लगेच फसफसतं, बारीक भोकाला वेळ द्यावा लागतो. बारीक नळीचा आउटडोअरकडचा नट, ज्यावर मला बर्फ दिसला होता, तिथल्या फेसात हळूच एक बुडबुडा फुगला. "पळयात, हो नट फुटला." काळी टेप सोलून काढली. उन्हाने तिचा चुरा झाला होता आणि आतल्या फोममध्ये पाणी भरून राहिलेलं. पितळी नटावर उभी, केसाएवढी चीर. आसपास तेलाचा काळपट डाग. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं आणि त्यावर धूळ बसते, त्यामुळे असा डाग हा मेकॅनिकचा पहिला साक्षीदार. नळीचं टोक कापून त्याने फ्लेअरिंग टूलने ते पसरवून नवा फ्लेअर काढला, त्यावर तेलाचं बोट फिरवलं, नवीन जाड नट टाकला आणि पान्याने ठरलेल्या जोरानेच आवळला. पुन्हा ४०० पर्यंत दाब.

मला वाटलं झालं. तो म्हणाला, "रातभर दवरूया." गेजचा फोटो काढायला सांगितला, सोबत थर्मामीटरचाही. संध्याकाळी पाच वाजता ३३ अंश.

सकाळी सातला मी चहाच्या आधी पडवीत. काटा ३५५. बाहेर २६ अंश.

दाब कमी होणार हे मला माहीत होतं, गॅस गार झाला की दाब उतरतोच. किती उतरायला हवा होता, एवढाच प्रश्न. कागदावर मांडून पाहिलं. गेज शून्य दाखवतं तेव्हाही हवेचा १४.७ असतोच, म्हणून ४०० चे ४१४.७ धरायचे. तापमान केल्विनमध्ये ३०६ वरून २९९. गुणाकार-भागाकार केला तर ४०५ येतात, त्यातून १४.७ वजा केले की गेजवर ३९० दिसायला हवेत. म्हणजे दहा पीएसआयचा उतार थंडीच्या खात्यावर. उरलेले ३५ कुणाच्या? मेकॅनिकला फोन केला, आकडे सांगितले. तो हसला. "म्हणजे आनी एक आसा खंय तरी."

गेल्या वर्षी कुणी नुसता नट आवळून गॅस भरला असता तरी यंदा हाच प्रसंग आला असता, हे तेव्हा लक्षात आलं. एक भोक सापडलं की शोध थांबवायचा मोह होतो.

तो आला आणि आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून फक्त घरातल्या बाजूला दाब ठेवला. दुपारपर्यंत काटा पुन्हा खाली. आउटडोअर, ज्याच्याकडे बघून मी हळहळत होते तो, निर्दोष सुटला. पात्या गळाल्या तरी तांबं टिकलं होतं. मग इनडोअर भिंतीवरून उतरवला, त्यातली कॉइल सोडवली, दोन्ही तोंडं बंद करून तिच्यात नायट्रोजन भरला आणि अंगणात आणली. सासूबाईंनी गणेश चतुर्थीच्या मोठ्या भांड्यांसाठी ठेवलेला प्लॅस्टिकचा मोठा टब पाण्याने भरला. कॉइल आत बुडवली. आधी पात्यांत अडकलेली हवा भुरभुर वर आली, ती थांबेपर्यंत वाट पाहिली. मग पाणी शांत झालं आणि उजव्या टोकाच्या एका यू-बेंडपाशी, म्हणजे नळी जिथे वळून परत फिरते तिथे, मोहरीएवढा बुडबुडा सुटला. थोड्या वेळाने दुसरा. तिथल्याच तांब्यावरून, पुन्हा पुन्हा. सासूबाई, मी आणि शेजारची दोन पोरं टबावर ओणवून बघत होतो. पोरांनी बुडबुडे मोजायला सुरुवात केली.

भोक डोळ्याला दिसतच नव्हतं. मेकॅनिकने बोटाने पुसलं, पेनाने गोल केला, तरी दिसेना. हॉटेलात असताना अशा कॉइली त्याने पुष्कळ पाहिल्यात. बंद खोलीतली हवा, साफसफाईची रसायनं, नव्या फर्निचरचा गोंद आणि रंग यांतून फॉर्मिक आणि ॲसिटिक ॲसिडची वाफ निघते; ओल्या तांब्यावर ती बसली की आत बारीक बोगदे पोखरत जाते. वरून टाचणीच्या टोकाएवढंही दिसत नाही. माझ्या खोलीत दोन वर्षांपूर्वी प्लायवूडची कपाटं झाली आणि दारं-खिडक्या दिवसभर बंद. तेच कारण असेल असं मी छातीठोक सांगणार नाही, पण तेव्हापासून सकाळी तासभर खिडक्या उघडायची सवय लावली आहे.

आता पैशांचं. कंपनीच्या कार्डावर कॉम्प्रेसरला दहा वर्षं, कॉइलला एकच. नवीन कॉइल नऊ हजारांच्या पुढे आणि यायला वेळ. नवा पाच स्टार एसी चाळिशीच्या पुढे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तरीही मार्चमध्ये ते पैसे काढायची माझी इच्छा नव्हती. ब्रेझिंग करून, म्हणजे वितळलेल्या धातूने, भोक बुजवायला आणि बाकी सगळ्या कामाला मिळून साडेचार हजार. मेकॅनिकने आधीच स्पष्ट सांगितलं: एक भोक पडलंय म्हणजे तांबं खाल्लं जातंय, बुजवलेलं टिकेल, पण शेजारी दुसरं पडलं तर मग कॉइलच बदला, पुन्हा मला बुजवायला लावू नका. मला हा माणूस आवडला तो या वाक्यासाठी. आम्ही ब्रेझिंग ठरवलं.

कॉइल वाळवली, यू-बेंड पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला. टॉर्चची निळी ज्योत, तांबं लालसर होईपर्यंत धीर, मग रॉड टेकवला आणि वितळलेला धातू एका क्षणात जोडाभोवती पसरला. ते चालू असताना आतून नायट्रोजनची हलकी धार सोडलेली होती, नाहीतर नळीच्या आत काळी पापडी धरते आणि पुढे बारीक नळीत जाऊन अडकते. पुन्हा टब. या वेळी पोरं बराच वेळ थांबली आणि कंटाळून गेली. काही आलं नाही.

सगळं परत चढवलं आणि पुन्हा ४०० पीएसआय, पुन्हा रात्रभर. सकाळी ३९१. तापमान मांडून पाहिलं तर हिशेब पीएसआयला पीएसआय जुळला. त्या मार्चमध्ये माझा इतका स्वच्छ ताळा दुसऱ्या कुठल्याच फाइलला बसला नव्हता.

यापुढचं काम कंटाळवाणं, आणि नेमकं तेच इथे टाळलं जातं: व्हॅक्यूम. बरेच जण थोडा गॅस सोडून आतली हवा बाहेर ढकलतात आणि 'पर्ज केलं' म्हणतात. हवा जाते, ओल जात नाही. आमच्या हवेत ओल किती हे बालदीने सांगितलंच आहे. आर-३२ च्या यंत्रातलं तेल पाणी पटकन ओढून घेतं, त्यातून आम्ल होतं आणि ते आतूनच कॉम्प्रेसर खातं. पंपाने आतला दाब इतका उतरवायचा की खोलीच्या तापमानालाच पाणी उकळून वाफ होऊन बाहेर यावं. ३० अंशांना त्यासाठी दाब वातावरणाच्या पंचविसाव्या हिश्शाच्या आसपास न्यावा लागतो, आणि नीट कोरडं करायचं तर त्याच्याही पुष्कळ खाली. त्याच्याकडे इतका कमी दाब मोजणारं मायक्रॉन गेज होतं. आकडा ५०० च्या खाली गेला, पंप बंद केला, तरी तो वर चढला नाही. या सगळ्या वेळात तो पडवीच्या पायरीवर बसून सासूबाईंशी पेडण्याच्या शिगम्याच्या गप्पा मारत होता. त्याच्या मावशीचं सासर आमच्याच वाड्यावरचं निघालं.

गॅस त्याने वजनावर भरला. सिलिंडर डिजिटल काट्यावर ठेवला, आकडा ८०० ग्रॅमने उतरला तेव्हा व्हॉल्व्ह बंद. गेजकडे त्याने शेवटी नजर टाकली, ती फक्त पडताळायला. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे नुसता काटा बघून भरलेला गॅस कधी कमी, कधी जास्त होतो. जास्त झाला तरी थंडावा घटतोच, वर वीज जास्त जाते. आमची नळी तीन मीटरच्या आत, म्हणून वरचे जादा ग्रॅम लागले नाहीत.

अर्ध्या तासाने मी थर्मामीटर लावला. वर २९, खाली १७. आउटडोअरसमोर हात धरवेना इतका गरम झोत. जाड नळीवर पाण्याचे थेंब. क्लॅम्प मीटरने त्याने पूर्ण वेगावरचा करंट मोजला, ६.४ अँपिअर, आणि आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, ८०० ग्रॅम, दाब आणि अँपिअर लिहून ठेवले. पुढच्या वर्षी दुसरा कुणी आला तरी त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल. बिलावरही मी त्याच्याकडून तसंच लिहून घेतलं: नट बदलला, यू-बेंड ब्रेझ केला, प्रेशर टेस्ट, व्हॅक्यूम, गॅस वजनावर. पाच ओळी. गेल्या वर्षीच्या एका ओळीच्या शेजारी ते बिल फाइलला लावलंय.

हे कळल्यावर माझे दोन गेस्टहाऊसवाले क्लायंट मेकॅनिकचा नंबर मागायला आले. नंबर दिलाच, पण त्यांच्या एसी दुरुस्तीच्या बिलांची तीन वर्षांची बेरीजही काढून दिली, खोलीवार. एका खोलीत तोच एसी दर ऑक्टोबरला भरला जात होता. मालक बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला आणि मग खोली नंबर मेकॅनिकला कळवायला उठला.

आमच्याकडे आता राहिलंय ते आउटडोअरच्या स्टँडचं. त्याचे बोल्ट गंजून निम्मे झालेत आणि पावसाच्या आत ते बदलायला हवेत. मेकॅनिकने ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या म्हणून सांगितलंय. समुद्राजवळ ३०४ ला पण गंजाचे ठिपके येतात. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेले होते तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात विचारलं. दुकानदाराने एक मूठ बोल्ट काउंटरवर टाकले, चुंबक लावून दाखवलं आणि म्हणाला, "चिकटत नाही, म्हणजे ३१६." चुंबक ३०४ लाही चिकटत नाही. ग्रेड डोक्यावर कोरलेले बोल्ट असतील तर दाखवा म्हटलं. मागवून ठेवतो म्हणालाय.